एकतीस तारखेचा मेतोदी

तळमजल्याची घरं वर्षाला तीन, आणि ती मागणारे एकशे सहा म्हातारे. नगरपालिकेची ही यादी दर मार्चला काचेच्या दारावर लागायची. दर मार्चला मेतोदी कुबड्या टेकत ती बघायला यायचा. पाय एकच, घर पाचव्या मजल्यावर, लिफ्ट नाही. चौदा वर्षं त्याचं नाव तळाशीच. यंदा तो यादी लागायच्या आदल्या दिवशीच आला.

"स्ताम्का पोरी, मी कुणाचं काय घोडं मारलंय? माझ्या मागून अर्ज केलेले खाली राहायला गेले. त्यातले काही तर मरूनसुद्धा गेले."

स्ताम्का तिथली कारकून. तो गेल्यावर तिनं संगणकावर यादीची फाइल उघडली. साधा मजकूर: एका ओळीत एक नाव आणि अर्जाची तारीख. मेतोदीची ३१.०८.२००९. वरच्या ओळींत मात्र ०१, ०१, ०१. तिला एकदम उलगडा झाला. यंत्राला तारीख कळतच नव्हती. ते डावीकडून एकेक आकडा अक्षरासारखा जुळवत होतं, म्हणून गेल्या वर्षी एक तारखेला आलेला माणूस मेतोदीच्या पुढे. वर्ष बिचारं शेवटी, तिथवर पोचतंय कोण? गावात म्हणायचेच, एक तारखेचा अर्ज लाभतो. लाभतो कसला! शिक्का मारून चाललेला गाढवपणा होता तो.

वरून दुसरं नाव तिच्या आईचं होतं. ०१.०३.२०२१. मनगटाला एक मार्चच्या सणाचा लाल-पांढरा दोरा बांधून आई स्वतः रांगेत उभी राहिली होती. तेव्हा तिचे गुडघे शाबूत होते.

स्ताम्का पायथन ही संगणकाची भाषा शिकली ती वाचनालयातल्या फाटक्या पुस्तकावरून, कुणाच्या मेहेरबानीनं नाही. क्रम लावायचा नियम तिनं स्वतः लिहिला: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. तीन ओळींचं काम. चालवून पाहिला. मेतोदी पहिला. आई अडतिसावी.

तिच्या खात्याच्या बाकालोव साहेबांनी ऐकून घेतलं आणि दार लावलं. चौदा वर्षांची चूक कबूल केली तर लोक आपल्याला फाडून खातील, म्हणाले. मग आवाज मऊ केला.

"आणि बाई, तुमची आई दुसरी आहे ना? उद्या किल्ली मिळेल तिला."

"ठाऊक आहे."

"मग?"

"मग काय? यादी माझ्या सहीनं लागते, साहेब."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता तिनं स्वतःच्या हातानं यादी चिकटवली. खाली त्या तीन ओळी, आणि त्यांचा अर्थ साध्या भाषेत. आता कुणी गुपचूप क्रम फिरवला तर गावाला कळणार होतं.

घरी, चौथ्या मजल्यावर, आई कोट घालून दाराशीच बसली होती.

"कितवी?"

"अडतिसावी. मी क्रम दुरुस्त केला."

"मेतोदी?"

"पहिला."

आईनं कोटाचं एक बटण सोडलं. "म्हणजे मी काही या जिन्यावरून जिवंत उतरत नाही."

स्ताम्का तिच्याकडे पाठ करून वाकली. "उतरतेस. धर मानेला. आधी यादी बघून येऊ, मग दे मला शिव्या."

"शिव्या जिन्यातच सुरू करते," आई म्हणाली, आणि तिनं लेकीच्या गळ्यात हात टाकले.