सगळ्यांना पाच-नऊ

लेकीकडे परदेशात जायचं ठरलं, तेव्हा काकूंनी बॅगेत स्वेटर भरले आणि मीटरकाकांनी तांब्याची वायर भरली. आयुष्यभर वीज खात्यात मीटर तपासले म्हणून माणूस मीटरकाका झाला, पण जीव सगळा हौशी रेडिओत, म्हणजे घरबसल्या जगभरच्या अनोळखी लोकांशी बिनतारी बोलण्यात. जावई भला माणूस. बाल्कनीतून समोरच्या झाडापर्यंत अँटेना ताणायला त्याने परवानगी दिली आणि नंतर तिच्यात दोनदा गळा अडकवून घेतला.

खरी मेख सासऱ्यांच्या माईकची होती. पितळी, टेबलावर ठेवायचा, वजनाला पाट्यासारखा. सासरे गेल्यापासून तो आपल्याला मिळावा म्हणून काका आणि त्यांचा मेहुणा सहा वर्षं हमरीतुमरीवर येत होते, कारण मेहुणाही रेडिओवेडा. शेवटी तह झाला. यंदाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत दोघांनी एकट्याच्या गटात उतरायचं आणि चोवीस तासांत ज्याचे संपर्क जास्त, माईक त्याचा. ज्या बाईच्या वडिलांचा तो माईक, तिला कुणी विचारलं नाही.

काकांचा डाव असा होता की मायदेशात आपल्यासारखे छप्पन्न, कोण कुत्रं विचारतंय? पण या देशात रेडिओवाले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे जग रांग लावणार. झालंही तसंच. संपर्क म्हणजे फार काही नसतं. एकमेकांचा संकेत, म्हणजे अक्षरं-आकड्यांचं रेडिओवरचं नाव, घ्यायचा, आवाज कसा येतोय ते दोन आकड्यांत सांगायचं, क्रमांक द्यायचा, पुढचा. पहिला आकडा स्पष्टपणाचा, पाचपैकी. दुसरा जोराचा, नऊपैकी. पण स्पर्धेत खरं सांगत बसायला वेळ कुणाला? सगळे सगळ्यांना पाच-नऊच देतात. 'तुम्ही पाच-नऊ, पण संकेत परत सांगा, अक्षर कळलं नाही,' असं म्हणताना कुणालाही हसू येत नाही.

ही सवय काकांच्या घरातही शिरली होती.

"अहो, सूप कसं झालंय?" सकाळी काकूंनी विचारलं.

"पाच-नऊ."

"आणि हा स्वेटर?"

"पाच-नऊ." मान वर झाली नव्हती. एकतीस वर्षं झाली नव्हती, आणि काकूंना त्याचा मनापासून राग येत असे.

दुपारी शेवटचा दीड तास उरला. काकांचे आठशे अकरा. मेहुण्याचा फोनवर निरोप आला, 'दाजी, आठशे अडतीस. माईकसाठी शोकेस बघून ठेवलंय.' काकांचं रक्त उसळलं, पण त्याआधी सकाळपासूनचा चहा उसळला होता. ते बाथरूमकडे धावले. परत यायला निघाले तर कडी हलेना.

"अगं! अडकलो!"

काकूंनी बाहेरून दार ओढलं, ढकललं, जावयाला फोन केला. "तासाभरात येतो म्हणालाय. बसा शांत."

"कशावर बसू? तिकडे रांग लागलीय!"

खोलीतून रेडिओ खरोखरच काकांच्या नावाने टाहो फोडत होता. काकू क्षणभर थांबल्या. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"हात लावू नकोस! एकट्याचा गट आहे!"

काकूंचं स्वतःचं रेडिओचं लायसन्स होतं. अठराव्या वर्षी वडिलांनी परीक्षेला बसवलं होतं. लग्नानंतर घरात खुर्ची एकच आणि तिच्यावर काका, म्हणून त्या नुसतीच मुदत वाढवून घेत आल्या होत्या. आज खुर्ची रिकामी होती.

"तुम्ही तीन-चार," बाहेरून ठणठणीत आवाज आला. "आवाज फुटतोय. तोंड माईकपासून लांब घ्या."

काकांनी कपाळावर हात मारला. खरं सांगतेय ही!

"तुम्ही दोन-तीन. घशाला आधी विश्रांती द्या."

लोक चिडून निघून जातील असं काकांना वाटलं. उलट गर्दी वाढली. खरं सांगणारं कुणीतरी आहे ही बातमी जगभर पसरली आणि जो तो आपला खरा आकडा विचारायला येऊ लागला. एका म्हाताऱ्याने तर आभार मानले. चाळीस वर्षं पाच-नऊ ऐकून त्याला संशय यायला लागला होता म्हणे. आणि मग एक ओळखीचा आवाज आला.

"ताई? तू?"

"दोन-पाच. शब्द खातोस. बाबा हेच सांगून दमले."

जावई आला आणि बाहेरून म्हणाला, "बाबा, कडी वर उचला. आत पाटी आहे बघा." पाटी होती. काकांनी तिच्यावर टॉवेल टाकला होता.

बारा मिनिटं उरली होती. नोंदवहीत नऊशे सदुसष्ट संपर्क. त्यातले एकशे छप्पन्न काकूंचे, सत्तर मिनिटांत. इतका वेग काकांना जन्मात जमला नव्हता. त्यांना आधी हेवा वाटला आणि मग लाज वाटली. तिचे खोडावेत तर आठशे अकरावर हार, ठेवावेत तर एकट्याच्या गटातून बाद. काकांनी एक उसासा सोडला, अर्जावरचं 'एकटा' खोडून 'दोघे' केलं आणि स्टूल ओढून तिच्या शेजारी बसले.

वेळ संपताच फोन वाजला. 'दाजी, खुर्चीवर ताई होती, म्हणजे तुम्ही बाद. आणि तिच्यापुढे मीही हरलो. माईक ताईला पाठवतोय.'

काकूंनी तो निरोप दोनदा वाचला आणि डोळे पुसले. मग विचारलं, "कसं केलं मी?"

काकांचे ओठ सवयीने 'पा' पर्यंत गेले आणि थांबले. त्यांनी मान वर केली. स्वेटर निळा होता, आणि तिला तो छान दिसत होता.

"पाच-आठ."

"एक कशाचा कापला?"

"आधी मला सोडवायचं सोडून रेडिओवर बसलीस त्याचा."

काकू खळखळून हसल्या. एकतीस वर्षांत पहिल्यांदा खरा आकडा मिळाला होता.

"आणि सकाळचं सूप?"

काकांनी एकदा बाथरूमच्या कडीकडे पाहिलं, एकदा बायकोकडे.

"पाच-नऊ," ते म्हणाले.