राजाबाईचा कोवळा पाला

मित्रांनो, मी एक रेशीमकिडा आहे आणि, हसू नका, पंचवीस दिवसांचा म्हातारा आहे. मोडनिंबजवळच्या एका वस्तीवर, शेडमधल्या मांडणीवर माझं आयुष्य गेलं. काम एकच, तुतीचा पाला खाणं. दुसऱ्या कशाला आम्ही तोंडही लावत नाही.

मला वाढवलं राजाबाईनं. तिची सारी हयात मेंढरांमागं गेली. रेशमाचा उद्योग तिच्या सुनेनं, प्रियंकानं, घरात आणला आणि ही त्यांची पहिलीच बॅच. ती साधली तर घर वस्तीवर राहणार होतं. नाहीतर दिवाळीनंतर सगळ्यांनी पुन्हा मेंढरं घेऊन मुलूख तुडवायचा.

राजाबाईचं मन भारी मोठं. आम्ही येण्याआधी तिनं खतासाठी तुतीत लागोपाठ आठ रात्री मेंढरं बसवली. वर युरियाही टाकला. पाला असा हिरवागार आला की काय सांगू! त्यातले कोवळे शेंडे खुडून ती आमच्यापुढं टाकायची. "खावा रं लेकरांनो, पोटभर खावा!" कोकराला कोवळा पाला, तसाच आम्हालाही. आम्ही मेले हावरट, ताव मारला.

इथंच घोळ झाला. पाल्यात नत्र जास्त, तर अंगाबाहेर टाकायचा नत्रही जास्त. आमचा तो युरिक आम्ल होऊन लेंडीतून जातो. थोडा पांढऱ्या कणांच्या रूपात कातडीत राहतो, आमचा गोरा रंग त्याचाच! पण तो कोवळा पाला खाऊन चार दिवसांतच लेंड्या ओल्या पडू लागल्या, खालचा बिछाना कुजला, उग्र वास सुटला. शेजारचे सुस्तावले. माझीही भूक मेली. फार भ्यालो मी. कोष न विणताच मेलो तर जगलो कशाला?

प्रियंका म्हणाली, "आत्या, ह्यो पाला लई जोरकस हाय. किड्यांना पचंना झालाय."

"लेकरं खाऊन मरत्यात व्हय गं?" राजाबाई भडकली.

तरी तिनं मांडणीत डोकं घातलं आणि डोळे चोळत मागं सरली. "आगं बया! ह्यो तर मेंढरं कोंडल्याचा वास!" एकाच जागी कळप फार दिवस बसला की मुताचा असाच वास डोळ्यांत जातो आणि कोकरं आजारी पडतात, हे तिला पक्कं ठाऊक. "जागा पालटा ह्यांची. वारं येऊ द्या. आन् कोवळं बंद!"

दोघींनी आमच्या खालची घाण काढली, चुना भुरभुरला, पडदे वर केले. विहिरीपलीकडच्या पट्टीतला, युरिया न पडलेला, नीट तयार झालेला पाला आणला. पहिल्या घासाला मी तोंड वाकडं केलं, खोटं कशाला बोलू? पण दोन दिवसांत लेंड्या कोरड्या झाल्या, भूक परतली. काही सोबती गेले, त्याचं वाईट वाटतं. बाकी सगळे तगलो.

आज मी खाणं सोडलंय. राजाबाईनं मला अलगद उचलून विणायच्या जाळीवर ठेवलं. गंमत बघा, एरवी जो नत्र लेंडीतून वाया गेला असता, त्यातला बराच आता धागा होऊन निघतोय. तो बघून ती सुनेला म्हणाली, "पुढली बॅच सांगून ठेव, पोरी. आन् पाला कंचा खुडायचा, ते तू ठरवायचं. मी तोडीन." प्रियंकानं हसून मान डोलावली.

मित्रांनो, जीव लावाल त्याला पोटभर द्या, पण ते त्याला पचतंय का, तेही वाकून बघत जा. बरं, आता मला बोलवणार नाही. तोंडात धागा आहे.