सहा ट्युलिप

स्टामेनला खोटं बोलणं कधी जमलं नव्हतं, आणि राजधानी सोफियातल्या त्या दोन दिवसांत त्याच्यापुढे तेवढं एकच काम होतं.

सकाळी इस्पितळात डॉक्टरांनी त्याला एकट्याला बाजूला घेतलं. जुन्या डॉक्टरांची रीतच अशी, वाईट बातमी बायको सोडून नवऱ्याला. "उन्हाळा काढतील," ते म्हणाले. "पुढचं सांगवत नाही."

त्याची बायको रायना बाहेर बाकावर कोटाची बटणं लावत बसली होती.

"रक्त कमी आहे म्हणे," स्टामेननं सांगितलं. "बीट खा म्हणाले."

"बीटच खायचं होतं तर आपल्या गावी लोमला काय दुष्काळ पडला होता? बरं, आपली गाडी उद्या दुपारची. एकेचाळीस वर्षं म्हणतोयस, सोफिया दाखवतो. दाखव आता."

मग त्यानं दाखवली. पुराणवस्तूंच्या संग्रहालयात ती प्रत्येक वस्तूखालची चिठ्ठी चष्मा पुसून वाचत होती, आणि तो फक्त तिच्याकडे बघत होता. कुणा राजाचा सोन्याचा मुखवटा पाहून ती म्हणाली, "मेल्यावर सोन्याचं तोंड. जित्यापणी बिचाऱ्याला दात तरी होते का कोण जाणे." स्टामेन हसला, जरा जास्तच मोठ्यानं. राखणदार बाईनं डोळे वटारले.

दुपारी बोरिसोवा बागेत रायना सूर्यफुलाच्या बिया फोडत बसली. जन्मभरात स्टामेननं तिला मिरचीची रोपं दिली, शिवणयंत्र दिलं, पण हातात फूल असं कधी दिलं नव्हतं. तो उठून दारातल्या फुलवालीकडे गेला.

"किती देऊ?"

"सहा," तो म्हणाला.

जित्याला विषम फुलं द्यायची, मेलेल्याला सम, हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण स्टामेननं आजवर फुलं घेतली ती फक्त आईच्या थडग्यासाठी, दर खेपेला सहा. जिभेला तीच सवय. डोकं तर अजून इस्पितळातच होतं. फुलवालीनं त्याचा चेहरा पाहिला आणि मुकाट्यानं सहा ट्युलिप बांधून दिले.

रायनानं फुलं मांडीवर घेतली. बोटानं एकेक मोजलं. पुन्हा मोजलं.

"किती दिवस म्हणाले?"

"कसले दिवस? बीट खा..."

"स्टामेन."

त्याला वर बघवेना. "उन्हाळाभर," तो म्हणाला.

तिनं कोटावरची बियांची टरफलं झटकली. त्याला वाटलं, आपल्या तोंडाला आग लागो. मग तिनं एक फूल उपसलं आणि त्याच्या कोटाच्या खिशात खोचलं.

"आता माझ्याकडे पाच. अजून मेले नाहीये मी. ऊठ, चित्रांचं दालन राहिलंय. सहाला बंद होतं."

दालनाच्या दारात कोट ठेवून घेणारी एक म्हातारी होती. फुलं आत न्यायची नाहीत, म्हणाली. रायनानं आपली पाच दिली आणि तिकिटं काढायला पुढे गेली. स्टामेननं खिशातलं दिलं. म्हातारीनं सगळी मिळून एकाच बरणीत ठेवली.

स्टामेननं मोजली. सहा.

"बाई," तो म्हणाला, "त्यातलं एक वेगळं ठेवा ना."

म्हातारीनं बरणीकडे पाहिलं, मग रायनाच्या पाठीकडे. आपल्या पेल्यातला चहा तिनं कुंडीत ओतला, पेल्यात पाणी घेतलं आणि एक ट्युलिप त्यात उभा केला.

सकाळपासून डोळे कोरडे ठेवलेला स्टामेन तिथं, लोकांच्या कोटांसमोर, हमसून हमसून रडला.

"अरे, येतोयस ना?" आतून रायनाची हाक आली. "तिकिटं दोघांची काढलीत."