करंगळीएवढी जागा

दुसऱ्याच मिनिटाला, सगळे ज्याला मोजपट्टी म्हणत त्या तंत्रज्ञाने हातातला रबरी फुगा दाबला. जीव घाबरला तर पेशंटने दाबावा म्हणून असलेला हा फुगा एकोणीस वर्षे तो दुसऱ्यांच्या मुठीत देत आला होता. "काही होत नाही, डोळे मिटून पडून राहा," असे त्याने किती हजार जणांना सांगितले असेल, देव जाणे. आज त्याच एमआरआय यंत्राच्या नळीत तो स्वतः होता.

काचेपलीकडे थोरला भाऊ बसला होता. त्यांचे वडील आठवडेच्या आठवडे भिंतीकडे तोंड करून पडून असत. चाळिशीनंतर दादाही तसाच पडू लागला. नैराश्यावर संशोधन करणाऱ्या डॉक्टरबाईंना भावंडांच्या अशाच जोड्या हव्या होत्या, एक खचलेला आणि एक तग धरलेला. दादा एका अटीवर तयार झाला. "आधी तू झोप आत. मग मी."

आजवर मोजपट्टीने ही वेळ टाळली होती. यंत्र जुळवताना कुणाला तरी आत पडावे लागे, तेव्हा त्याला नेमकी सर्दी होई, नाहीतर दाढ दुखे. खरे कारण त्याने बायकोलाही सांगितले नव्हते. आपल्याही डोक्यात वडिलांचेच काहीतरी असणार, आणि एकदा ते पडद्यावर दिसले की आपणही भिंतीकडे वळणार, ही त्याची धास्ती होती. चोख मापांमुळे त्याला मोजपट्टी हे नाव पडले होते. स्वतःला मात्र त्याने कधी माप लावले नव्हते.

बाहेर येऊन तो घोटभर पाणी प्यायला, पुन्हा आत गेला आणि कसाबसा निभावला. दादा मात्र त्या ठकठकाटात चाळीस मिनिटे तसूभर हलला नाही. काढून ठेवलेला पट्टा कमरेला बांधत तो म्हणाला, "पडून राहण्यात माझा हात कोण धरणार?" कित्येक महिन्यांतला त्याचा हा पहिला विनोद.

पंधरा दिवसांनी बाईंनी दोघांना बोलावले. मी आपला बाकावरच बरा, माझं तूच ऐकून ये, असे सांगून दादा बाहेर थांबला. कोण कुठला ते आपणच ओळखणार, असा मोजपट्टीने हट्ट धरला, म्हणून बाईंनी नावांवर कागद चिकटवून दोन्ही चित्रे पडद्यावर शेजारी शेजारी लावली. मेंदूत खोलवर, कानाच्या रेषेत, आठवणी आणि भावना सांभाळणारा करंगळीएवढा एक भाग असतो. दीर्घकाळ खचलेल्यांत तो सरासरीने किंचित लहान आढळतो, एवढे त्याला ऐकून माहीत होते. त्याने दोन्हीकडची मापे घेतली, मग उलट क्रमाने पुन्हा घेतली. डावीकडच्या चित्रातला भाग लहान होता.

"हा दादाचा," त्याने बोट ठेवले.

बाईंनी कागद काढला. "हा तुमचा."

तो खुर्चीत मागे टेकला. जिला तो जन्मभर चुकवत आला, ती गोष्ट समोर उजेडात होती. भिंत जागच्या जागी होती. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलमध्ये हवा भरत होते. त्याला चक्क भूक लागली होती.

शेकडो माणसांची सरासरी काढली तर फरक दिसतो, एकट्याचे भविष्य त्यात वाचता येत नाही, दादांनी औषधे आणि भेटी चालू ठेवाव्यात, आशेला भरपूर जागा आहे, असे बाईंनी समजावून सांगितले.

"मग मी कशानं तगलो?"

"ते या चित्रात नाही. तुम्हीच आठवून बघा."

फार आठवावे लागले नाही. वडिलांच्या खोलीतून हुंदके येत, तेव्हा अकरा वर्षांचा दादा तिथून बाहेर येई, मागे दार ओढून घेई आणि धाकट्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला शाळेकडे पिटाळी. आतले सगळे त्याने एकट्याने पाहिले. धाकट्याच्या वाट्याला आले ते फक्त बंद दार.

तो बाहेर आला. दादाने मान वर केली. "काय निघालं?"

"तुझा भाग माझ्यापेक्षा मोठा निघाला."

"मोठा आहेच मी. तेवढ्यासाठी एवढं मशीन लागतं होय?"

मोजपट्टी हसू लागला; डोळे भरून आले तरी ते हसू थांबेना.

बाईंच्या खोलीचे दार तो उघडेच टाकून आला होता. दादा उठला. ते त्याने हलकेच ओढून घेतले, नीट लागले का पाहिले, आणि धाकट्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "चल, हो पुढं."