ग्रिम्बीच्या चित्रातला पाय

ग्रिम्बीच्या दुकानात लाल रंग माझा. निळा हेस्टरचा, पिवळा तिच्या बहिणीचा. छापलेलं चित्र टेबलावरून सरकत येतं, आपला रंग भरायचा आणि पुढे ढकलायचं. युद्ध संपल्यापासून लाल फार लागतो. सैनिकांचे कोट लाल, मंत्र्यांची नाकं लाल, आणि पाणी घालून पातळ केला की माणसाची कातडीही त्यातूनच निघते. ग्रिम्बी स्वतःच चित्र काढतो, कोरतो आणि खिडकीत टांगून विकतो. अख्ख्या लंडनमध्ये त्याच्याइतकं घाणेरडं तोंड दुसऱ्या कुणाचं नसेल.

माझा नवरा ओबेड त्याच खिडकीखाली बुटांच्या नाड्या विकत बसायचा. नाड्या आपल्या नावाला, खरी ती भीकच. तिकडे स्पेनमध्ये सालामांकाच्या लढाईत त्याचा उजवा पाय गेला, तिथे आता लाकूड आहे. त्याचा पट्टा तो माझ्यासमोरही सोडत नाही. मी रोज भिंतीकडे तोंड करून आडवी होते, मगच सोडतो. "काय बघायचंय तुला त्यात?" असं एकदा माझ्यावर खेकसला होता. त्यानंतर मी तो विषयच काढला नाही.

ग्रिम्बीने त्याचं चित्र काढलं, आम्हाला न विचारता. टेबलाशी एक ढेरपोट्या मंत्री कोंबडी हाणतोय आणि खाली ओबेड हाडासाठी टोपी पसरून बसलाय. नाव काय, तर 'विजयातला वाटा'. चित्र ओबेडच्याच बाजूचं होतं, नाही म्हणत नाही मी. पण लोक मंत्र्याला हसलेच नाहीत, ओबेडच्या तोंडाला हसले. खिडकीपुढे झुंबड उडायची आणि चित्र बघून झालं की लोक खाली वाकून खरा ओबेड बघायचे.

"अरे, हा तर तोच!"

"पण याचा पाय बघा की! चित्रात डावा लाकडी आहे, याचा तर उजवा!"

"काय रे शूरवीरा, आज कुठला बांधून आलास?"

मी आत धावले. "ग्रिम्बीसाहेब, पाय उलटा छापलाय!"

तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं कागदावर उलटं उमटतं. शिकाऊ पोराला पहिल्याच दिवशी कान पिळून शिकवतात हे. ग्रिम्बी खिडकीतून बघत बघत थेट पत्र्यावरच कोरत सुटला आणि बाजू फिरवायला विसरला.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "हळू बोल, बाई! बाहेर कळलं तर धंद्यातले लोक शेण घालतील माझ्या तोंडात."

पाय मागे बांधून लंगड्याचं सोंग घेणारे भिकारी शहरात कमी नाहीत. त्यामुळे एका सभ्य गृहस्थाने ते चित्र विकत घेऊन शिपायाला दाखवलं आणि शिपायाने ओबेडला भर रस्त्यातून उचलून नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला न्यायाधीशासमोर उभं करणार होते.

मी पुन्हा ग्रिम्बीकडे गेले. "एक वाक्य बोला, साहेब. चूक माझी, एवढंच. नाहीतर त्याला चारचौघांत पट्टा सोडायला लावतील. त्यापेक्षा तो मेलेला बरा."

"येतो म्हटलं ना! तू जा आता."

आणि आला खरा. न्यायाधीशाने चित्र वर धरून विचारलं, "हे या माणसाला बघूनच काढलंत?"

"बघूनच, साहेब."

"नीट बघून?"

ग्रिम्बीने माझ्याकडे पाहिलं, मग बाकावर बसलेल्या आपल्या धंद्यातल्या दोघांकडे पाहिलं. "माझी नजर आजवर कधी चुकलेली नाही," तो म्हणाला.

"खोटारड्या!" मी किंचाळले. "उलटं छापलंय ते! सांग की, मेल्या!"

"त्या बाईला आवरा," न्यायाधीश म्हणाला. "आणि तू, पट्टा सोड."

"आतल्या खोलीत दाखवतो, साहेब," ओबेड म्हणाला. "फक्त तुम्हाला."

"का? लपवण्यासारखं काय आहे?"

लोक हसले. ओबेडने मला गर्दीतून शोधलं. "केझाया, तिकडे तोंड कर," तो म्हणाला.

मी भिंतीकडे तोंड केलं. पट्ट्याची बक्कल वाजली आणि हसू एकदम थांबलं. मला रडू फुटलं, ते मी हाताने दाबलं. ओबेडला त्यांनी सोडून दिलं, माफी मात्र कुणी मागितली नाही. त्या दिवसापासून तो घराबाहेर पडलेला नाही.

पुढच्या सोमवारी नवं चित्र टेबलावर आलं. न्यायाधीश भिंग घेऊन वाकलाय, लोक माना उंच करून बघताहेत आणि मधोमध ओबेडचा उघडा खुंट, टाक्याटाक्यासकट. लग्नाच्या नवऱ्याचा पाय मी असा पाहिला, ग्रिम्बीच्या कागदावर.

ग्रिम्बी खुशीत हात चोळत उभा होता. "बघ केझाया, या वेळी बाजू बरोबर आली."

हेस्टरने हलक्या आवाजात विचारलं, "कातडीचा रंग खरा कसा आहे गं? तुलाच ठाऊक असणार."

"मला नाही ठाऊक," मी म्हणाले.

मी लाल रंग घट्ट कालवला, पाण्याचा थेंबही न घालता. ओबेडचा कोट रंगवला आणि कुंचला तसाच खाली ओढत नेला, मांडीवरून, टाक्यांवरून, खुंट पार दिसेनासा होईपर्यंत. ग्रिम्बी ओरडत धावून आला, तेव्हा मी पुढची प्रत ओढून घेतली होती.