बोगद्यातली गौर

केशरबाईने सुपातल्या मुखवट्यावर पदर ओढला आणि ती डांबराच्या कडेला, पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे उभी राहिली. पलीकडे, नगर-पुणे रस्त्याच्या त्या अंगाला, तिच्या थोरल्या जावेचं, कडूबाईचं घर दिसत होतं. दारातली तुळस, ओट्यावर वाळत घातलेलं हिरवं लुगडं. पूर्वी इथून हाक मारली की तिकडून ओ यायची. आता मध्ये कमरेएवढी काँक्रीटची भिंत होती आणि भिंतीच्या दोन्ही अंगांनी ट्रक, टँकर, सुपे गावच्या कंपन्यांच्या बसगाड्या.

मागून तिचा मुलगा अजिनाथ मोटरसायकल ढकलत आला.

"आई, बस मागं. वळसा घालून नेतो. धा मिनटात मोठ्या आईच्या दारात."

"गौर गाडीवर न्हेत्यात व्हय रं? ती पायानं येती."

"मग भिताडावर चढतीस का आता? पोळ्याला ते कंपनीतलं पोरगं गेलं सायकलवरचं, इथंच. बघितलंस ना?"

केशरबाईने बघितलं होतं. सायकलचं पुढचं चाक किती तरी वेळ आपलं आपलं फिरत राहिलं होतं.

वाटण्या झाल्या तेव्हा पितळेची थोरली गौर कडूबाईकडे राहिली, धाकटी केशरबाईकडे आली. पण घरं दोन झाली तरी गौरी एकाच जागी उभ्या राहायच्या, कडूबाईच्या माजघरात. दरवर्षी केशरबाई धाकटीला घेऊन रस्ता ओलांडायची आणि कडूबाई उंबऱ्यात तिच्या पायांवर दूध-पाणी घालायची. मागच्या वर्षी भिंतीतली जायची-यायची जागा बुजवली गेली आणि पहिल्यांदाच दोन गौरी दोन घरांत उभ्या राहिल्या. तीन दिवस केशरबाईला वाटत होतं, आपली गौर नैवेद्याकडे बघतच नाही, रस्त्याकडे बघतेय.

"मी रस्त्याखालच्या बोगद्यानं जाते," ती म्हणाली.

"त्यात पानी हाय. आन तितवर चालायला जागा तरी हाय का कडंला? थांब, मी येतो संगं."

"गौरीसंगं बाप्या मानूस नसतोय. तू मोठ्या आईला फोन लाव, निघालेय म्हनावं."

अजिनाथने फोन कानाला लावला. "वाजतोय. उचलत न्हाई."

"दिव्याची वात वळत आसंल. व्हय बाजूला."

ती समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चालू लागली. एवढा रुंद रस्ता, पण माणसाच्या पावलाला त्यात वीतभरही जागा राखलेली नव्हती. खडीत चप्पल घसरायची. ट्रक गेला की त्याचा वारा पदराला ओढायचा, आणि ती दोन्ही हातांनी सूप पोटाशी धरून उभी राहायची, पुन्हा निघायची. दिवस कलला होता. मावळायच्या आत गौर घरात यायला हवी. भीती वाटू लागली तशी ती मनातल्या मनात जुळवून म्हणू लागली,

गाडीवानदादा, कासरा धर वढून
गवर चालली माझी, पायानं वाट काढून.

नवी नवरी होऊन आली तेव्हा तिला स्वतःची वेणीही घालता येत नव्हती. कडूबाई रोज सकाळी तिला ओट्यावर पुढ्यात घेऊन बसायची. "हलू नगं, म्हशे," म्हणायची. त्या ओट्यावर एकदा टेकायचं होतं तिला. गौरीचं निमित्त होतं म्हणून मागता तरी येत होतं.

बोगद्याच्या तोंडाशी तिने चपला काढून हातात घेतल्या. घोट्याएवढं पाणी होतं. एका भिंतीला लागून अरुंद कट्टा होता, तेवढाच कोरडा. ती आत शिरली, आणि पलीकडून, उजेडाला पाठ करून, कुणीतरी भिंतीला हात लावत येताना दिसलं. डोक्यावर पदर. पदराखाली सूप.

"अक्का?"

"कोन, केशर? तू कुठं गं निघालीस?"

"तुमच्याकडं. तुमी?"

"तुज्याकडं." कडूबाईला धाप लागली होती. "म्हनलं, ही रस्त्याला भेती. औंदा थोरलीनंच जावं धाकटीच्या दारात. कवा आले हुते मी?"

"कवाच न्हाई."

"म्हनून तर निघाले."

दोघी हसल्या. मग दोघींच्याही ध्यानात आलं. दोन्ही घरांत कुंकवाची पावलं काढून ठेवलेली, दोन्ही उंबरे मोकळे, आणि पायांवर दूध-पाणी घालायला कुठेच कुणी नाही.

"चला अक्का. तुमचं घर जवळ पडंल."

कडूबाई सूप शेजारी ठेवून कट्ट्यावर टेकली. दोन्ही गुडघे तिने हातांनी धरले. "माज्यानं आता ना मागं हुतंय ना फुडं. जरा बसू दे."

बाहेरचा उजेड तांबडा होऊन पाण्यावर आला होता. केशरबाईने एकदा तिकडे पाहिलं. मग आपलं सूप कट्ट्यावर, कडूबाईच्या सुपाला लावून ठेवलं आणि दोन्ही मुखवट्यांवरचे पदर बाजूला केले. कडूबाईने कनवटीची पुडी सोडली, चिमूटभर कुंकू काँक्रीटवर ठेवलं, थोरलीला लावलं, धाकटीला लावलं. वरून ट्रक गेला. कट्टा थरथरला आणि पितळेची दोन कपाळं हळूच एकमेकींना लागली.

कडूबाईचा हात केशरबाईच्या केसांत गेला. वाऱ्याने सुटलेली बट तिने कानामागे सारली आणि हात तिथेच राहू दिला.

कंपनीची पाळी सुटली होती. बोगद्याच्या तोंडाशी सायकली येऊन थांबल्या.

"मावशी, जायचं हुतं वो," पुढचा म्हणाला. मग त्याने कट्ट्याकडे नीट पाहिलं. तो सायकलवरून उतरला, वाकून बूट काढले, नाड्या एकमेकींत बांधून हँडलला अडकवले.

"पान्याला भेतो का काय रं?" मागून कुणीतरी म्हणालं.

"काढ गुमान," तो म्हणाला.

मग एकामागून एक, सायकली हाताने धरून, ती माणसं अनवाणी पाण्यातून त्या दोघींच्या समोरून जाऊ लागली. कुणीही घंटी वाजवली नाही.