ठिगळ्याचं माप

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. गाण्यांची नव्हे, शिंप्याच्या गळ्यातली. माझे सुरुवातीचे आकडे पुसले आहेत. कारखान्यातून आले तेव्हा मात्र मी पिवळीधमक होते. मोठमोठी माणसं माझ्यासमोर श्वास रोखून पोट आत घेतात, पण मी आजवर कुणाची चहाडी केलेली नाही.

आमच्या दुकानात एक कुत्रा आहे. पांढऱ्या पाठीवर मोठा काळा डाग, म्हणून त्याचं नाव ठिगळ्या. मशीनच्या पायडलजवळ त्याची झोपायची जागा.

मालकीणबाईंचा भाऊ विमा विकतो. ठिगळ्याचा आरोग्यविमा काढा म्हणून तो मागे लागला. बाईंना पटलं. मालकांचं म्हणणं, कुत्रा थोडं गवत खाऊन आपला आपण बरा होतो, त्याला कसला विमा? पण बाईंपुढे त्यांचं काही चालेना. भावाने ठिगळ्याची माहिती विचारली. शिंपीच ते! वय, वजन राहिलं बाजूला. मालकांनी मला उचललं आणि गळा, छाती, पोट मोजायला घेतलं. भाऊ हसून बेजार झाला.

मालक मात्र हसले नाहीत. गेल्या थंडीत ठिगळ्याला शिवलेल्या जाकिटाचं माप त्यांना तोंडपाठ होतं. हल्ली ठिगळ्याचं खाणं निम्म्यावर आलं होतं, तरी पोट वाढलं होतं.

"टेपच म्हातारी झालीय," बाई म्हणाल्या. ते मला फार लागलं.

"ताणलेली टेप कमी दाखवते, जास्त नाही," मालक म्हणाले. "याला डॉक्टरकडे नेऊ."

पोटात गाठ निघाली. ऑपरेशन लगेच करायला हवं होतं, नाहीतर ठिगळ्या हातचा गेला असता. भावाने हळूच सुचवलं, आधी विमा काढू, ऑपरेशन मागाहून करू; गाठीचं आपल्याला ठाऊक होतं हे कळणार कोणाला? घरात होती ती नव्या मशीनसाठी साठवलेली पुंजी.

मालकांनी मला बोटांभोवती गुंडाळलं. "मापात खोटं केलं की कपडा अंगावर बसत नाही," ते म्हणाले. "मशीन थांबेल गं. हा थांबायचा नाही."

ठिगळ्या वाचला. पुढे सगळं खरं सांगून त्याचा विमाही काढला. त्या गाठीचा खर्च त्यातून कधीच मिळणार नाही, पण बाकीच्या दुखण्यांचा मिळेल. जनावर धडधाकट असतानाच विमा काढावा, असं आता मालकच गिऱ्हाइकांना सांगतात.

दुकानात नवी टेप आली. मला वाटलं, आता मी चिंध्यांच्या पोत्यात जाणार. पण बाईंनी मला स्वतःच्या हाताने खिळ्याला अडकवलं. "हिचे उपकार आहेत," त्या म्हणाल्या. माझं आयुष्य सार्थकी लागलं.

मित्रांनो, विमा वेळेवर काढा, पण मुक्या सोबत्याच्या अंगावरून रोज हातही फिरवा. दुखतं कुठे, हे त्याला सांगता येत नाही.

आता मी एकट्या ठिगळ्याचंच माप घेते. पोटाभोवती फिरते तेव्हा तो श्वास रोखत नाही, शेपूट हलवत निवांत उभा राहतो. इतकं खरं माप मला आजवर कुणी दिलं नव्हतं.